तक्रार अगर संशय नाही

बुधवार, ९ मार्च २०११. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझा मोबाईल वाजला. मी काजूच्या बागेत होतो. नंबर परदेशातला होता. पलीकडच्या माणसाने हिंदीत विचारलं, "दिनकर आग्रेचे तुम्ही कोण?"

"मेहुणा. त्याची बायको माझी धाकटी बहीण."

"मी पिल्ले. ओमानहून, सोहारमधून बोलतोय, कंपनीच्या ऑफिसातून. फॉर्मवर घरचा नंबर म्हणून तुमचाच आहे. दिनकर आज सकाळी साइटवर वारला. हार्ट अटॅक."

"किती वाजता?"

हा प्रश्न त्याला अपेक्षित नसावा. पण मी गावचा पोलीस पाटील. अकरा वर्षं मी हाच प्रश्न आधी विचारत आलो होतो.

"सात-सव्वासातला. इथल्या."

म्हणजे आपल्याकडे पावणेनऊ. दीड तास होऊन गेला होता.

पिल्ले पुढचं सांगत गेला. तिथल्या पोलिसांचा कागद लागेल, दूतावासाचा लागेल, आणि घरच्यांचं पत्र लागेल. वारस कोण, मयत भारतात पाठवायचं का, मुंबईला ताब्यात कोण घेणार. वारसाची सही आणि नोटरीचा शिक्का. फॅक्स चालेल. "उद्या आणि परवा इथे सुट्टी. आज संध्याकाळपर्यंत आलं तर शनिवारी काम सुरू करतो."

आग्र्यांचं घर आमच्याच गावात, तळेकोंडला, ओढ्यापलीकडच्या वाडीत. मी पोचलो तेव्हा सुगंधा शिमग्यासाठी घरापुढचं खळं सारवत होती.

"दादा, आत्ता कसा? बस, चहा टाकते."

मला कळलं होतं तसंच मी तिला सांगितलं. कोणाचा फोन, कुठून, किती वाजता, काय झालं. ती शेणाचे हात तसेच धरून उभी राहिली.

"हार्ट? त्याला कधी साधी सर्दी नसायची."

"असं म्हणाला तो."

"हात धुऊन येते," ती म्हणाली आणि मागच्या दारी गेली. बराच वेळ आली नाही.

तिचे सासरे, गणू आग्रे, पडवीत बसले होते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. पालखीच्या मानकऱ्यांपैकी ते एक. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बराच वेळ त्यांची नजर खळ्यातल्या अर्ध्या ओल्या सारवणावर होती.

"माती हितं येनार ना?"

"येणार, तात्या."

"कवा?"

"पाच-सहा दिवस म्हणतात. जास्तही लागतील."

त्यांनी बोटं मोजली. होळीचा होम शनिवारी, १९ तारखेला होता. "होमाच्या आदी आली पायजे, पाटील. मयताची वाट बगत गाव देव भायेर कसा काडील? माज्या घरापायी पालखी अडाया नको."

"तात्या, तुमचा मुलगा गेलाय."

"म्हनून तर. दरसाल खांद्याला असायचा तो." मग जरा थांबून म्हणाले, "औंदा सुट्टी नाय दिली त्याला."

मी तिथेच पडवीत पत्र लिहायला बसलो. असे कागद लिहिणं माझ्या हातचं काम होतं. विहिरीत बुडालेले, साप चावलेले, आंब्यावरून पडलेले असे चाळीस-एक तरी जबाब तोवर माझ्या अक्षरात ठाण्याला गेले होते. त्यातून एक गोष्ट मी शिकलो होतो. हवालदार कागदाची पहिली ओळ वाचत नाही, शेवटची वाचतो. तिथे ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार अगर संशय नाही’ असं असलं की मयत दुपारपर्यंत घरी येतं. नसलं की कागद परत, पुन्हा जबाब, आणि नातेवाईक सरकारी दवाखान्याच्या पायरीवर रात्र काढतात. आमच्या पंचक्रोशीत लोक मला त्यासाठीच बोलावत. पाटलाने लिहिलेला कागद परत येत नाही, असं म्हणत.

पत्र अर्ध्या पानाचं झालं. दुपारी दोनला सुगंधाला मोटारसायकलवर मागे बसवून मी गुहागरला निघालो. वाटेत ती एकदाच बोलली, लेकीबद्दल. "मनालीला शाळेतून कोण आणेल?"

"माझी बायको गेलीय."

वकील वीरकर नोटरीचंही काम करत. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं, सुगंधाचं ओळखपत्र बघितलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं. तिने पेन हातात घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वाच ना मोठ्यानं."

"नेहमीचंच आहे. मयत पाठवा म्हणून. सही कर, पाचच्या आत फॅक्स गेला पाहिजे."

तिने सही केली. शाळेत शिकवतात तशी, एकेक अक्षर सुटं. मग पाणी प्यायला बाहेर गेली.

वीरकर इंग्रजी भाषांतर टाइप करत होते. शेवटच्या ओळीशी त्यांची बोटं थांबली.

"पाटील, हे त्यांनी मागितलंय?"

"नाही."

"मग?"

"वकीलसाहेब, तुम्ही कोर्ट बघता, मी मयतं बघतो. त्याशिवाय अडतं."

"बरं बुवा," ते म्हणाले आणि ओळ टाइप केली.

पावणेपाचला झेरॉक्सच्या दुकानातून फॅक्स गेला. मूळ कागद घडी करून मी खिशात ठेवला.

गुरुवार आणि शुक्रवार काही नाही. शनिवारी पिल्ले म्हणाला, चालू आहे. रविवारी त्याने फोन उचलला नाही. मी सतरा वेळा लावला. सोमवारी म्हणाला, दूतावासाचा एक शिक्का राहिलाय. तात्या रोज संध्याकाळी माझ्या कुंपणाच्या बेड्याशी यायचे. आत यायचे नाहीत. "आज?" एवढंच विचारायचे. मी मान हलवली की परत फिरायचे. सुगंधा विचारायचीच नाही. माझा फोन वाजला की ती माझ्या तोंडाकडे बघायची, मी "दुसऱ्याचा आहे" म्हणेपर्यंत.

मंगळवारी दुपारी पिल्लेचा स्वत:हून फोन आला. "कागद पूर्ण. उद्या रात्रीचं विमान. गुरुवारी सकाळी मुंबईत."

"फार उपकार झाले, पिल्लेसाहेब."

"उपकार तुमच्या पत्राचे. घरच्यांचं इतकं स्पष्ट पत्र सहसा येत नाही. नाहीतर तपासात महिना गेला असता."

"तपास कसला?"

"फॉर्मॅलिटी हो."

त्या वेळी मला बरं वाटलं, हे इथे नमूद करायला हवं. संध्याकाळी तात्या आले तेव्हा मी त्यांना सांगितलंही की पत्रामुळे काम लवकर झालं.

गुरुवारी, १७ तारखेला, सकाळी सात चाळीसला आम्ही विमानतळाच्या मालवाहतुकीच्या फाटकाशी उभे होतो. चिपळूणची रुग्णवाहिका केली होती. सुगंधा ड्रायव्हरशेजारी बसली होती. सगळ्यांनी नको म्हटलं तरी ती आली होती. मी खाली उतरून कागदांची फाइल पुन्हा लावत होतो. मृत्यूचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट, मयत टिकावं म्हणून औषध भरल्याचा दाखला. मृत्यूच्या दाखल्यात कारण एका ओळीत होतं: हृदयक्रिया बंद पडणे.

फोन वाजला. परदेशातला, पण पिल्लेचा नाही.

"पाटील? मी अशफाक परकार. दाभोळचा. दिनकरच्या खोलीत राहतो मी, त्याच साइटवर क्रेन चालवतो. पेटी मिळाली?"

"अजून नाही. काय झालं?"

"मिळाली की डोस्क्याची मागची बाजू बघा. तो वरून पडला, पाटील. वीस फुटांवरनं. फळीवर उभा होता, कमरेला पट्टा नव्हता. पट्टे दोन आणि वर माणसं सात."

"दाखल्यात हार्ट लिहिलंय."

"वीस फुटांवरनं पडल्यावर हार्ट बंदच पडतं. कोणाचं चालू राहतं?"

मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. "तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"सांगायला गेलो ना! रविवारी मोठ्या साहेबाकडे गेलो. पोलिसाला सांगतो म्हटलं. त्याने मला कागद दाखवला. म्हणाला, बायकोनेच लिहून दिलंय, आमचा कोणावर शक नाही, तू कोण लागून गेलास? खोली खाली करायची का तुला?" त्याचा आवाज बारीक झाला. "पाटील, असं कोणी लिहून दिलं हो?"

"मी बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

परत आलो तेव्हा सुगंधाने काच खाली केली होती. "कोण होतं?"

"अशफाक म्हणून आहे. त्याच्या खोलीतला. म्हणतो, दिनकर पडला."

"कुठनं?"

"वरून. पट्टा नव्हता म्हणे."

तिने विचारलं नाही की हार्टचं काय. ती फाटकाकडे बघत होती. "मग आता?"

"इथं शवविच्छेदन करून घेता येतं. पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा. एक दिवस जाईल, कदाचित दोन."

"आणि आज नेऊन जाळलं तर?"

"मग काही राहत नाही."

"दुसऱ्या कोणाचं मयत असतं तर तू काय सांगितलं असतंस?"

मी फाइल बंद करून पुन्हा उघडली. तेवढ्यात तात्यांचा फोन आला. "निगालात?"

"निघतोय," मी म्हणालो.

तिने ते ऐकलं. थोड्या वेळाने म्हणाली, "आपल्या कागदात काही कमी-जास्त नाही ना दादा?"

"नाही."

"मग तू म्हणतोस तर चल."

सव्वानऊला पेटी ताब्यात मिळाली. संध्याकाळी पाचला गावात पोचलो. खळ्यात माणसं जमली होती. प्लायवूडची पेटी होती, आत पत्र्याचं अस्तर. झाकण उघडलं तसा औषधाचा वास खळंभर पसरला आणि बायका मागे सरल्या. दिनकरचा चेहरा स्वच्छ होता. डोक्याखाली कापसाचा जाड थर दिलेला होता.

तात्या पुढे झाले. त्यांनी तोंडात पाणी घालण्यासाठी डोक्यामागे हात घातला आणि हात तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"थांबा," सुगंधा म्हणाली.

ती घरात गेली आणि मोबाईल घेऊन आली. दिनकरने गेल्या सुट्टीत आणलेला, कॅमेऱ्याचा. पेटीशेजारी गुडघे टेकून बसली आणि मला विचारलं, "दादा, पंचनाम्याला किती बाजूंनी लागतात?"

"चारी बाजूंनी," मी म्हणालो. "आणि एक जवळून. शेजारी मापाला काहीतरी ठेवून."

"डोकं वळवून धर."

मी धरलं. तिने अगरबत्तीजवळची काड्यापेटी उचलून जखमेशेजारी ठेवली आणि फोटो काढला. नीट आला नाही म्हणून पुन्हा काढला.

मागून तिची चुलत सासू ओरडली, "अगो, फोटू कसले काडतेस? याड लागलं काय तुला? मानसाला निजू दे तरी सुकानं!"

"काडू दे तिला," तात्या म्हणाले.

कवटी मागे उजवीकडे दबलेली होती. टाके सात. मी बघितले आणि मनात मोजले. सवयच ती. दिवस मावळायच्या आत अग्नी दिला. शनिवारी होम झाला, पालखी बाहेर पडली. काही अडलं नाही.

जुलैत सुगंधाने दावा करायचं ठरवलं. तिथल्या कायद्याने कामावर अपघात झाला तर वारसाला भरपाई मिळते, हे तिला अशफाकने फोनवर सांगितलं होतं. पण भरपाईपेक्षा दुसरंच काहीतरी तिला हवं होतं. वीरकरांच्या ऑफिसात ती म्हणाली, "दाखल्यात हार्ट लिहिलंय ते खोडून पडला असं लिहून पाहिजे. मनालीला उद्या कोणी विचारलं, बाप कशाने गेला, तर तिने काय सांगायचं?"

वीरकरांनी मस्कतमधला एक वकील शोधला. वकीलपत्र गेलं, फोटो गेले, अशफाकचा लेखी जबाब गेला. सुगंधा बाहेर गेल्यावर वीरकर मला म्हणाले, "पाटील, ते पत्र?"

"ते मयतापुरतं होतं. दाव्यात कशाला येईल?"

त्यांनी चष्मा पुसला. "तिला सांगा तेवढं."

"सांगतो."

साडेचार वर्षं तारखा पडत राहिल्या. न्यायाधीश बदलले, एकदा भाषांतर हरवलं, अशफाक नोकरी सोडून दाभोळला आला आणि मासळीच्या धंद्यात पडला. २०१४ च्या पावसात तात्या गेले. प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी सुगंधा माझ्याकडे यायची आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज सांगू. मग ती म्हणायची, "तू आहेस म्हणून हे चाललंय," आणि मी चहा मागवायचो.

१२ जानेवारी २०१६ ला वीरकरांचा फोन आला. "निकाल आला. दावा फेटाळला."

"कारण?"

"दोन. एक, दाखल्यातलं मृत्यूचं कारण. दोन, वारसाने घटनेच्या दिवशीच स्वत:हून लिहून दिलं की तक्रार किंवा संशय नाही. तुमची ओळ जशीच्या तशी आहे निकालात. बहिणीला मी सांगू की तुम्ही?"

"मी."

त्याला मला अकरा दिवस लागले. शनिवारी दुपारी मी तिच्या पडवीत बसलो आणि सांगितलं. निकालाची प्रत तिच्यापुढे ठेवली. इंग्रजी होती. आता बारावीत असलेल्या मनालीने तो परिच्छेद मराठीत करून वाचला. मग आईने खूण केल्यावर आत गेली.

"माझ्या सहीखाली आहे हे?" सुगंधाने विचारलं.

"वर. सही खाली आहे."

"मी वाच म्हटलं होतं."

"हो."

"विमानतळावर मी तुला विचारलं होतं, कागदात काही आहे का."

"हो."

"तेव्हा सांगितलं असतंस तर मी थांबले असते. तात्यांना मी समजावलं असतं. तात्यांसाठी निघालास ना तू?"

पाच वर्षं मी स्वत:लाही तेच सांगत होतो. "नाही," मी म्हणालो. "शवविच्छेदनाचा अर्ज द्यायचा तर सोबत सगळे कागद जोडावे लागतात. ते पत्रही. ठाण्यात ते मोठ्याने वाचतात."

ओढ्यापलीकडून कोणीतरी गुरांना हाका घालत होतं.

"सगळ्या गावाचे कागद लिहितोस तू," शेवटी ती म्हणाली. "लोकांना तरी वाचून दाखवतोस का?"

मी निकालाच्या प्रतीची घडी घातली.

अपील करता येतं. मस्कतच्या वकिलाने दोन मार्ग कळवले. कंपनीकडे आहे तो फॅक्स, आणि तो अंधुक झालाय, सही नीट वाचता येत नाही. सुगंधाने शपथेवर सांगितलं की असं पत्र आपण दिलंच नाही, तर तो पुराव्यातून बाद होऊ शकतो. दुसरा मार्ग, मूळ पत्र हजर करायचं. त्यात मजकुराचं अक्षर माझं आहे आणि सही तिची, हे सरळ दिसतं. सोबत माझं प्रतिज्ञापत्र, की ती ओळ मी माझ्या मनाने घातली आणि तिला वाचून दाखवली नाही. पण मग पत्र खरं ठरतं, आणि कोर्टाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही तर सगळं तिथेच संपतं.

मूळ पत्र माझ्या ट्रंकेत होतं. मी प्रतिज्ञापत्र करायला वीरकरांकडे गेलो.

"हे प्रांतसाहेबांपर्यंत गेलं तर तुमचं पद जाईल," ते म्हणाले.

"टाइप करा."

सुगंधा समोर बाकावर बसली होती. टाइप झाल्यावर म्हणाली, "वकीलसाहेब, वाचा मोठ्यानं. पहिल्यापासून." वीरकरांनी वाचलं. ती मध्येच म्हणाली, "यात मी वाच म्हटल्याचं नाही." ते घातलं. पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग मी सही केली.

मूळ पत्र आणि प्रतिज्ञापत्र एका पाकिटात घालून मी तिच्या हातात दिलं. तो मंगळवार होता, ९ फेब्रुवारी. कोणता मार्ग घ्यायचा ते तिने ठरवायचं आहे; दुसरा घेतला तर पाकीट वीरकरांमार्फत मस्कतला जाईल. वीरकरांनी तिला दोन्ही समजावून सांगितले. मला तिने काही विचारलं नाही. आमच्या घरी ती त्यानंतर आलेली नाही. मनाली येते.

कागद पोचण्याची शेवटची तारीख २० फेब्रुवारी आहे. कुरिअरला तीन दिवस लागतात. आज सोळा. दुपारी मी वीरकरांना फोन केला होता. पाकीट त्यांच्याकडे आलेलं नाही.